कोल्हापुरात समुद्र: पहिली खाऱ्या पाण्याची टाकी लावताना

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी कापली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

आज मागं तुम्हाला पाण्याचा बारीक आवाज येत राहील. तो मी मुद्दाम बंद केलेला नाही. माझ्या उजव्या हाताला दोन फुटांची काचेची टाकी आहे, त्यात खारं पाणी आहे, आणि त्या पाण्यात क्लाउनफिशची एक जोडी आहे. हो, तेच केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे, 'फाइंडिंग निमो'मुळे घराघरात पोचलेले.

या टाकीचा फोटो मी टाकला आणि मेसेजचा पाऊसच पडला. "भावा, कितीला पडली?" "खरं कोरल आहे का?" "आमच्या खोलीत बसेल का?" आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न: "मालवणचं पाणी आणून चालतंय काय?" तर आजचा पूर्ण भाग याच विषयावर. नवख्या माणसानं छोटी खाऱ्या पाण्याची टाकी कशी लावायची, कोल्हापूरसारख्या गावात काय अडचणी येतात, आणि कोरल या शब्दाच्या मागं केवढा मोठा कायदा उभा आहे. हा शेवटचा मुद्दा बहुतेक व्हिडिओंमध्ये कुणी सांगतच नाही.

आधी माझी चूक

ही माझी दुसरी टाकी. पहिलीबद्दल मी आजवर फारसं बोललो नाही, कारण लाज वाटते. पण तिथूनच सुरू करतो.

गोड्या पाण्याचे मासे मी शाळेपासून पाळतोय. गप्पी, मॉली, एंजल, सगळं झालं होतं. त्यामुळं वाटलं, यात काय एवढं, मीठ घातलं की झालं. टाकी भरली, पाणी काचेसारखं नितळ दिसायला लागलं, आणि दहाव्या दिवशी मी दोन क्लाउनफिश घेऊन आलो. ताईची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. ती दोन दिवस टाकीसमोरून हललीच नाही. तिनं दोघांना नावंपण ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक मासा तळाशी आडवा पडलेला. दुसरा पृष्ठभागावर तोंड आणून धापा टाकत होता. संध्याकाळपर्यंत तोही गेला. भाची शाळेतून आली, टाकीकडं बघितलं आणि मला विचारलं, "मामा, पाणी तर स्वच्छ होतं ना?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आता आहे, आणि आजचा निम्मा भाग त्या उत्तराचाच आहे.

स्वच्छ दिसणारं पाणी

मासा पाण्यातच श्वास घेतो, पाण्यातच शी-शू करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेलं खाणं कुजलं की आणखी अमोनिया. हा अमोनिया डोळ्याला दिसत नाही. खाऱ्या पाण्याचा पीएच 8 च्या वर असतो, आणि जितका पीएच जास्त तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. म्हणजे गोड्या पाण्यात जेवढ्यावर मासा तग धरेल, तेवढ्यावर इथं तो जाऊ शकतो.

समुद्रात हे निस्तरायला जिवाणू असतात. एका गटाचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही घातकच. दुसऱ्या गटाचे त्याचं नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात चालतं आणि पाणी बदलून कमी करता येतं. हे जिवाणू दगडाच्या छिद्रांत, काचेवर, फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात. नव्या टाकीत ते जवळजवळ नसतातच. त्यांची वस्ती तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळाला सायकलिंग म्हणतात. दह्याला विरजण लावल्यावर आपण भांडं सारखं हलवत बसत नाही ना, तसंच हे. फक्त इथं एक रात्र पुरत नाही.

माझ्या पहिल्या टाकीत विरजण लागायच्या आधीच मी मासे सोडले होते. ते दोन मासे आजारी नव्हते. मी त्यांना विषात सोडलं होतं.

दुसऱ्या वेळी मी असं केलं. मासे न सोडता टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकलं, म्हणजे ते कुजून अमोनिया तयार होईल आणि जिवाणूंना खाद्य मिळेल. काही लोक सोललेली एक कोळंबी टाकतात, तेही चालतं, पण घरात वास येतो आणि आई बोलते. बाटलीतले जिवाणूही बाजारात मिळतात, त्यानं वेळ कमी होऊ शकतो, पण चाचणी चुकवता येत नाही. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट यांची टेस्ट किट घ्या आणि वहीत तारखेसकट आकडे लिहा. माझ्या वहीत आधी अमोनिया वर गेला. तो उतरायला लागला तेव्हा नायट्राइट चढला. पस्तिसाव्या दिवशी दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं. त्यानंतरही मी आठवडाभर थांबलो, थोडं खाणं टाकून चोवीस तासांनी परत तपासलं, दोन्ही शून्यच. तेव्हा कुठं मासे आणायचा विचार केला.

महिनाभर रिकामी टाकी बघत बसायचं. येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा विचारणार, "अरे, मासे कुठायत?" तेवढं सहन करा.

मालवणचं पाणी आणू का?

आता तो प्रश्न. कोल्हापूरकराला समुद्र लांबचा वाटत नाही. गगनबावडा उतरलं की कोकण. शनिवारी पहाटे निघालं तर दुपारी मालवणात थाळी आणि सोलकढी. मग येताना चार कॅन भरून पाणी का आणू नये?

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय आठवा. 1951 साली मरीन ड्राइव्हवर, अगदी समुद्राला लागून ते सुरू झालं. समुद्र दारात असेल, गाळण्याची आणि तपासण्याची यंत्रणा असेल, तर समुद्राचं पाणी वापरता येतं. आपल्याकडं यातलं काहीच नाही. जेट्टीजवळच्या पाण्यात डिझेलचा तवंग असतो. नदीच्या मुखाजवळ पावसाळ्यात गोडं पाणी मिसळून खारटपणा उतरतो, गाळ येतो. वर कॅनमध्ये बंद झालेल्या पाण्यातले सूक्ष्म जीव प्रवासात मरतात आणि तेच पाणी सडवतात. आणि एकदा आणलं तरी दर आठवड्याला पाणी बदलायचं असतं. दर आठवड्याला घाट कोण उतरणार?

त्यामुळं पाणी घरीच तयार करायचं. मीठ म्हणजे जेवणातलं मीठ नव्हे. समुद्राच्या पाण्यात सोडियम आणि क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही ठरलेल्या प्रमाणात असतं. हे सगळं असलेलं मरीन सॉल्ट वेगळं विकत मिळतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे 100 लिटरला साधारण साडेतीन किलो. पाकिटावरचं प्रमाण बघून थोडं जास्त लागतं, कारण मिठात ओलावा असतो.

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. दोन थेंब टाकायचे, उजेडाकडं धरून बघायचं. 35 किंवा घनतेच्या पट्टीवर 1.025 ते 1.026 दिसलं पाहिजे. हे यंत्र अधूनमधून प्रमाणित द्रावणानं तपासून घ्या, नाहीतर ते खोटं बोलत राहतं आणि आपण विश्वास ठेवत राहतो.

आणि मीठ कशात विरघळवायचं? नळाच्या पाण्यात नाही. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी प्यायला चांगलं असेल, पण त्यात क्लोरीन असतो, क्षार असतात, आणि शेवाळाला आवडणारी नायट्रेट-फॉस्फेटसारखी द्रव्यं असू शकतात. घरच्या आरओचं पाणी चालेल का? तर त्याचा टीडीएस मोजा. घरगुती आरओमध्ये चवीसाठी खनिजं परत मिसळतात, त्यामुळं आकडा पन्नास-शंभर येतो. आपल्याला शून्याच्या जवळ हवा. त्यासाठी आरओच्या पुढं डीआय रेझिनची नळी जोडतात. आरओमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरा. एक लिटर चांगल्या पाण्यामागं दोन-तीन लिटर वाया जातं, ते गटारात सोडणं बरं नव्हे.

टाकी केवढी?

नवखा माणूस सगळ्यात छोटी टाकी शोधतो. इथं उलटं आहे. पाणी जितकं कमी, तितकी चूक लवकर अंगावर येते. वीस लिटरच्या डब्यात चार दाणे खाणं जास्त पडलं तरी गडबड होते. माझी टाकी 60 सेंटिमीटर लांब, 45 रुंद, 45 उंच आहे. गुणाकार केला तर सुमारे 121 लिटर. दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की 100 लिटर पाणी.

त्याचं वजन मोजा. नुसतं पाणी 100 किलो, वर काच, दगड, स्टँड. दीडशे किलोच्या पुढं जातं. ती टीव्हीच्या टेबलावर बसत नाही. भिंतीला लागून, भक्कम स्टँडवर, खाली जाड फोम घालून, आणि स्पिरिट लेव्हल लावूनच बसवा. खिडकीचं ऊन थेट पडणारी जागा टाळा.

यादी छोटी आहे. टाकी, वरती जाळीचं झाकण कारण मासे उडी मारतात, पाणी फिरवायला एक-दोन पावरहेड, एक फिल्टर, थर्मोस्टॅट असलेला हीटर, थर्मामीटर, एलईडी लाइट, रिफ्रॅक्टोमीटर, टेस्ट किट. प्रोटीन स्किमर शंभर लिटरला असला तर उत्तम, नसला तर पाणी नियमित बदला. माझा सगळा खर्च तीस हजारांच्या आसपास गेला. त्यात पहिल्या टाकीचं वाया गेलेलं सामान धरलेलं नाही.

लाइटबिलाचा हिशेबही सांगतो, कारण आमच्या आईचा पहिला प्रश्न तोच होता: "घरात समुद्र आणलास, बिल कोण भरणार?" 50 वॉटचा दिवा आठ तास म्हणजे 0.4 युनिट. पंप मिळून 15 वॉट, चोवीस तास, म्हणजे 0.36 युनिट. रोजचं पाऊण युनिट, महिन्याला तेवीस-चोवीस युनिट. थंडीत हीटरची भर पडते.

कोरल म्हणजे काय, आणि कायदा काय म्हणतो

आता हा भाग नीट ऐका, हवं तर दोनदा ऐका.

कोरल म्हणजे प्रवाळ. आपल्याकडं अंगठीत घालतात ते पोवळं हा त्याच शब्दाचा भाऊ. लोकांना ते रत्न वाटतं, दगड वाटतो. प्रत्यक्षात प्रवाळ हा प्राणी आहे. भाताच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान असंख्य जीव एकमेकांना चिकटून राहतात. त्यांच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं, ते उन्हात अन्न तयार करतं आणि प्रवाळाला देतं. प्रवाळ आपल्या खाली चुन्याचा सांगाडा बांधत जातो. असे सांगाडे शेकडो वर्षं एकावर एक साठत गेले की प्रवाळाचं बेट, म्हणजे रीफ तयार होतं.

हे बघायला ऑस्ट्रेलियाला जायला नको. आपल्या मालवणात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत. 1987 साली तिथं मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला, शंभरावर किलोमीटर आत समुद्रात अँग्रिया बँक नावाचा बुडालेला प्रवाळी पठाराचा भाग आहे. नाव कान्होजी आंग्र्यांवरून पडलंय. म्हणजे हे आपल्याच अंगणातलं वैभव आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 2001 मध्ये त्याच्या पहिल्या अनुसूचीत समुद्रातले बरेच जीव आले. सगळी दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ, आगप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, सगळे सी फॅन. शिवाय समुद्रघोडे, समुद्रकाकड्या, राक्षसी शिंपला. पहिली अनुसूची म्हणजे ज्यात वाघ आहे तीच. यातला जीव पकडणं, बाळगणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा. शिक्षा किमान 3 वर्षं, कमाल 7 वर्षं तुरुंगवास, वर दंड. जिवंत असो वा मेलेला, तुकडा असो वा सांगाडा.

तुम्ही म्हणाल, मी कशाला असलं काही घेतोय? मग एक सांगा, 'इंद्रजाल' नावाची फ्रेम बघितलीय? काळी, जाळीदार, झाडाच्या वाळक्या फांदीसारखी. घरात लावली की बरकत येते म्हणून विकतात. ती वनस्पती नाहीच. तो सी फॅन किंवा काळ्या प्रवाळाचा सांगाडा आहे. भिंतीवर लावणाऱ्याला माहीतही नसतं की आपण काय टांगलंय.

टाकीच्या छंदातही असंच होतं. परदेशी व्हिडिओत पहिलं वाक्य असतं, "लाइव्ह रॉक आणा." लाइव्ह रॉक म्हणजे समुद्रातून काढलेला, जीव वसलेला प्रवाळाचा दगड. आपल्याकडं समुद्रातून असा दगड उचलणं म्हणजे सरळ वरच्या यादीत हात घालणं. म्हणून कृत्रिम दगड घ्या. सिरॅमिकचे, सच्छिद्र, मुद्दाम टाकीसाठी बनवलेले मिळतात. कोल्हापूरचा काळा दगड बांधकामाला भारी, पण तो घट्ट असतो, जिवाणूंना राहायला छिद्रं नाहीत. सिरॅमिकचा दगड सुरुवातीला पांढराफटक दिसतो, अगदी बाथरूमच्या टाइलसारखा. सहा-आठ महिन्यांत त्यावर रंग चढतो. 'कोरल सँड' नावानं मिळणारी वाळू मी घेतली नाही. माझा तळ रिकामा आहे आणि माशांची काही तक्रार नाही.

मग टाकीत कोरल ठेवायचंच नाही का? माझा सल्ला असा. पहिलं वर्ष नाही. पहिल्या वर्षी पाणी स्थिर ठेवायला शिका. त्यानंतर मशरूम किंवा झोअँथससारखे मऊ शरीराचे जीव बघा, जे या यादीत नावानं नाहीत. पण विक्रेत्याकडं आयातीचे कागद आणि पक्कं बिल मागा. देत नसेल तर उठून बाहेर या. ज्याच्या खाली पांढरा दगडी सांगाडा आहे, ते दगडी प्रवाळ. त्याला हात लावू नका. "अहो, परदेशातून आलंय" असं कुणी सांगितलं तरीही नाही. दगडी प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराखाली नियंत्रित आहे, आणि कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी जिवांची नोंदणीही करावी लागते. नवख्याच्या आवाक्यातलं ते काम नाही.

झोअँथसबद्दल एक इशारा. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. हातमोजे आणि चष्म्याशिवाय हाताळू नका, कापू नका. आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकू नका, वाफेतून विषबाधा होते.

मासे कोणते, कुठले

क्लाउनफिशची गंमत अशी की ते सगळे आधी नर म्हणून वाढतात. जोडीतला मोठा, दादागिरी करणारा मासा मादी होतो. त्यामुळं दोन लहान-मोठे घेतले की त्यांचं तेच ठरवतात. आणि त्यांना समुद्रफूल, म्हणजे अ‍ॅनिमोन, लागतंच असं नाही. ते नवख्याच्या टाकीत बहुतेकदा मरतं आणि मरताना पाणी नासवून जातं. माझी जोडी फिल्टरच्या पाइपामागं झोपते.

मासा घेताना एकच प्रश्न विचारा: हा पैदास केलेला आहे की समुद्रातून पकडलेला? क्लाउनफिशची पैदास आता आपल्याकडं होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं, म्हणजे सीएमएफआरआयनं, तिचं तंत्र विकसित केलंय. नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रात क्लाउनफिशची हॅचरी आहे. हॅचरीत वाढलेला मासा दाणे खायला शिकलेला असतो, काचेला सरावलेला असतो, आणि त्याच्यासाठी कुणी खडकाला हात लावलेला नसतो. समुद्रातून मासे पकडताना काही देशांत सायनाइड फवारतात. त्यात मासा गुंगीत जातो, आणि शेजारचं प्रवाळ मरतं.

निळा डोरी मासा घेऊ नका. तो फूटभर वाढतो आणि त्याला पोहायला आपली खोलीच लागेल. सफाईसाठी दोन-चार लहान गोगलगायी आणि हर्मिट खेकडे पुरतात. काही मोठे शंखही कायद्याच्या यादीत आहेत, म्हणून नाव विचारूनच घ्या. शंभर लिटरमध्ये क्लाउनफिशची जोडी आणि फार तर एखादा छोटा गोबी. बस्स.

मासा घरी आणला की पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग बारीक नळीनं थेंब थेंब टाकीचं पाणी पिशवीतल्या पाण्यात सोडा. शेवटी मासा जाळीनं उचलून टाकीत. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

एप्रिल, जुलै आणि लाइट

पाणी 24 ते 27 अंशांत ठेवायचं. थंडीत हीटर ते काम करतो. खरी परीक्षा एप्रिलमध्ये. बाहेर पारा चाळिशीकडं गेला की टाकीतलं पाणी तिशी ओलांडतं. समुद्रातही हेच घडतंय. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. मालवणच्या प्रवाळांवरही अशा विरंजनाच्या नोंदी झाल्यात, आणि एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं मोठं विरंजन जाहीर केलं. टाकीत दोन अंश वाढले की काय होतं हे मी डोळ्यानं बघितलंय. मासे खाणं सोडतात. तेव्हापासून त्या बातम्या मला वेगळ्या वाचता येतात.

उपाय साधा. पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा छोटा पंखा. बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंश उतरतं. पण इथं नवखे हमखास चुकतात. वाफ होऊन जातं ते फक्त पाणी. मीठ मागंच राहतं. 100 लिटरमधलं 5 लिटर उडालं तर 35 चा खारटपणा जवळपास 37 होतो. म्हणून भर घालायची ती गोड्या, आरओच्या पाण्याची, आणि रोज. काचेवर पट्टी चिकटवून पातळी आखून ठेवा. मीठ मिसळलेलं पाणी फक्त आठवड्याच्या पाणीबदलाला वापरा. दर आठवड्याला दहा लिटर काढायचं, दहा लिटर घालायचं.

आता लाइट. पंप थांबला की पाण्यात प्राणवायू मिसळणं कमी होतं. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त पावरहेड जोडा, पाच-दहा वॉटचा असतो, बराच वेळ चालतो. हीटर आणि दिवा जोडू नका. आणि वायरी सॉकेटच्या खाली झोका देऊन वर न्या, म्हणजे ओघळ आला तरी थेंब खाली पडेल, प्लगमध्ये जाणार नाही. खारं पाणी आणि वीज, चेष्टा नाही.

आपल्याला महापूरही विसरून चालत नाही. 2019 ला आणि 2021 ला शहराचा पाणीपुरवठा बंद पडला होता, कितीतरी भागांत वीज नव्हती. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्यापुढं टाकीचा प्रश्न अगदीच क्षुल्लक, ते मला कळतं. पण जीव घरात ठेवला की त्याची सोय आपल्याकडं. मी जूनच्या शेवटी दोन ड्रम भरून ठेवतो, एक आरओचा, एक मीठ मिसळलेला. पूर आला तर खाणं निम्मं करायचं. मासा चार-पाच दिवस न खाता राहतो, पण घाण पाण्यात राहत नाही.

शेवटी

दुसरा-तिसरा महिना कुरूप असतो, हे आधीच सांगून ठेवतो. दगडांवर आधी तपकिरी थर चढतो, मग हिरवे केसांसारखे शेवाळ. टाकी गटारासारखी दिसते. औषधं ओतू नका. दिवा कमी वेळ लावा, खाणं कमी करा, हातानं शेवाळ उपटा, पाणी बदला. ते जातं.

आणि एक करा. टाकी घ्यायच्या आधी, ऑक्टोबर ते मे मध्ये कधीतरी मालवण-तारकर्लीला जाऊन स्नॉर्केलिंग करा. पाण्यात तोंड घालून खरं प्रवाळ बघा. त्यावर उभं राहू नका, काही उचलू नका. कुणाकुणाला ते बघून टाकीची गरजच उरत नाही. तसं झालं तर तीस हजार वाचले समजा.

माझी भाची आता सात वर्षांची आहे. नवी टाकी सायकल होत होती तेव्हा तिला मी टेस्ट किटच्या नळ्या हलवायला द्यायचो. पिवळा रंग म्हणजे अमोनिया नाही, हिरवा म्हणजे आहे, हे तिला पाठ झालंय. मासे आणायच्या दिवशी तिनं स्वतः नळी उजेडात धरली, रंगाच्या कागदाशी लावून बघितली, आणि मला म्हणाली, "मामा, आता पाणी खरंच स्वच्छ आहे."

या वेळी तिनं माशांना लगेच नावं ठेवली नाहीत. महिनाभर थांबली. मग ठेवली.

तुमचे प्रश्न व्हॉइस नोटनं पाठवा, टाकीची लांबी-रुंदी आणि टेस्टचे आकडे सांगायला विसरू नका, नुसता फोटो पाठवून मला काही कळत नाही. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या.